चिकू न खाल्लेली बाय

मडक्याबायला स्वतःची साखर मशीनच्या आधी कळायची. बोट टोचायला पुढे करायची आणि मी पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायच्या आत सांगून मोकळी व्हायची, "आज जड हाय, दादा." की मशीनवर तीनशेच्या आसपास आकडा. "आज बेतात हाय" म्हणाली की दीडशेच्या अलीकडे-पलीकडे. आणि "आज पोकळ हाय" म्हणाली, तर मी मशीन बाजूला ठेवून आधी तिच्या हातावर साखर ठेवायला शिकलो होतो. तिला आकडे वाचता येत नव्हते. जड, बेतात आणि पोकळ, एवढ्या तीन शब्दांत ती आपला मधुमेह सांभाळायची. आणि मी, शिकलेला माणूस, पहिले सहा महिने त्याला योगायोग समजत होतो.

२०१४ साली मी चारोटीहून डहाणूकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात औषधं द्यायला लागलो. आता तो दवाखाना नाही. दर बुधवारी तिथे साखरवाल्यांचा आणि बीपीवाल्यांचा दिवस असायचा, डॉक्टर त्याच दिवशी यायचे. मी डहाणू गावातला, तोंडाने फटकळ आणि नियमाने चालणारा. माझा एकच मंत्र होता, 'दोन ते आठ'. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे, हे मी येईल त्याला ऐकवायचो. घरी बायको म्हणायची, "तुमचं ताटही दोन ते आठमध्ये वाढू का?" असा मी, आणि माझ्यासमोर ही रानशेतच्या पाड्यावरची बाई, जिच्या घरी फ्रीज तर सोडाच, पंखासुद्धा धड फिरत नव्हता.

ती आपलं इन्सुलिन मडक्यात ठेवायची. मोठ्या मडक्यात ओली रेती, रेतीत लहान मडकं, लहान मडक्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, आणि वरून ओलं फडकं. सकाळ-संध्याकाळ रेतीवर पाणी शिंपडायचं. कुडाच्या भिंतीला, जिथे ऊन कधीच पोचत नाही तिथे हा सगळा संसार मांडलेला. बाटली काढली की आधी गालाला लावून बघायची. "गाल सांगते नं, थंड हाय का नाय." ही युक्ती तिने कुणाकडून उचलली ते मला कधी कळलं नाही, पण आसपासच्या तीन पाड्यांवर तिने ती लावून दिली होती. म्हणून ती मडक्याबाय. खरं नाव माझ्या रजिस्टरमध्ये होतं, पण त्या नावाने हाक मारली तर तीच मान वळवायची नाही.

माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तरी मी तिला सर्रास "अगं बाई, ऐक" म्हणायचो, आणि ती मला "दादा, तुमी". त्या वेळी यात काही वावगं वाटलं नाही. आता हे लिहिताना खुपतं.

बुधवारी दवाखान्याच्या ओट्यावरच्या बाकाची ती मालकीण असायची. डॉक्टर येईपर्यंत तासभर तिचीच शाळा. कुणाला तळपाय रोज संध्याकाळी धुऊन, पालथा करून बघायला लावायची. "दिसत नसंल तं सुनेला दाखव. लाज कसली? पाय तुजाच हाय नं?" कुणाला पदराच्या गाठीत गुळाचा खडा बांधायला सांगायची, पोकळ वाटलं की तोंडात टाकायला. लखमा आजोबा नावाचे एक म्हातारे सुई बघितली की जागेवरून उठून चालू लागायचे. एका बुधवारी तिने त्यांचं मनगट धरून बसवलं. "आजा, तुला इंचू चावला तवा तू गप बसला. आन् ह्या सुईला नाचतो?" सगळा ओटा हसला. आजोबाही हसले आणि हसता हसता त्यांनी पोटात सुई टोचून घेतली. मी आतून पाहत होतो. माझ्या वर्षभराच्या समजावण्याने जे झालं नव्हतं ते तिने दोन वाक्यांत केलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडा रागच आला.

तिचं एक वाक्य त्या ओट्यावर सगळ्यांना पाठ होतं. कुणी कुरकुरलं की बुधवारी डॉक्टरांना विचारू, तोवर राहू दे, की ती म्हणायची, "दवाखाना बुधवारचा, अंग रोजचं." बाकीचे सहा दिवस आपले आपण बघायचे, एवढा साधा तिचा हिशेब.

तिचं काम मात्र चिकूच्या वाडीत. डहाणूकडे दुसरं काय असणार? झाडावरून उतरलेला चिकू धुवायचा, लहान-मोठा निवडायचा, खोक्यात भरायचा. दिवसभर दोन्ही हात साखरेत. आजार व्हायच्या आधी ती चिकवाची एवढी वेडी होती म्हणे, की वाडीचा मालक तिच्या टोपलीवर वेगळी नजर ठेवायचा. आजार झाल्यावर एकदम बंद. "मी रोज चिकवाला हात लावते, त्यानं मना हात लावू नाय," असं म्हणायची. फक्त दुपारच्या सुट्टीत एखादा पिकलेला चिकू घेऊन नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि परत खोक्यात ठेवायची. एकदा तिने मला अगदी गंभीरपणे विचारलं, "दादा, वासात साखर असते का?" मी पोट धरून हसलो. "वास घे गं हवा तेवढा, वासाने काही होत नाही," म्हणालो. ती खूश झाली. वाडीतल्या बाया तिला चिकू नाकाशी नेताना रोज बघत होत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात निरोप आला की मुंबईहून एक मोठ्या डॉक्टरीणबाई येणार आहेत, पेशंट घरी औषधं कशी ठेवतात ते बघायला. रानशेतलाही उतरतील. त्या बाई कुडाच्या घरात शिरणार, रेतीतलं मडकं बघणार, आणि विचारणार, इथला औषधवाला कोण? दोन दिवस आधी मी जीप करून तिच्या घरी गेलो.

"हे बंद कर," मी मडक्याकडे बोट दाखवून म्हणालो.

"का? काय वाईट झालं?"

"फ्रीज पाहिजे. नियम आहे तसा."

"मंग हा काय हाय? लाइट गेली तरी चालते माजा फ्रीज." ती हसत होती.

"तू मला शिकवू नकोस."

तिचं हसू थांबलं. वापरात असलेली बाटली महिनाभर साध्या थंडाव्यातही टिकते, हे माझ्या पुस्तकात छापलेलं होतं. मला ते ठाऊक होतं. मडक्यात थर्मामीटर टाकून बघायला मला पाच मिनिटं पुरली असती. पण मला त्या दिवशी खरंखोटं करायचं नव्हतं, डॉक्टरीणबाईंसमोर शोभा होऊ द्यायची नव्हती.

"तुमी सांगता तं ठेवते," ती म्हणाली.

पाड्याच्या तोंडाशी एका गुजराती शेठचं किराणा दुकान होतं. अख्ख्या पाड्यात फ्रीज तेवढा एकच. भला माणूस, लगेच तयार झाला. मी बाटल्या त्याच्या हातात दिल्या, बाईला बजावलं की सकाळ-संध्याकाळ इथेच येऊन सुई घ्यायची, बाटली घरी न्यायची नाही. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात शेठने मागून विचारलं, "साहेब, किती थंड ठेवू?"

आणि मी, दोन ते आठचा जप करणारा मी, मागे न बघता म्हणालो, "अहो शेठ, थंड म्हणजे थंड! जितकं थंड तितकं बरं."

डॉक्टरीणबाई आल्या त्या अलीकडच्या कासा गावाहूनच परत गेल्या. रानशेतला उतरल्याच नाहीत.

तिसऱ्या बुधवारी मडक्याबाय आली ती ओट्यावर न थांबता सरळ माझ्या खिडकीशी. "जड हाय, दादा. लय जड. सुई लागत नाय." मशीनने चारशेच्या वरचा आकडा दाखवला. डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. रात्रभर पाणी पिते, पाय ओढतात, म्हणाली. आणि मग आवाज खाली करून, "दादा, औषध फाटलंय. फाटल्या दुधासारकी कणी दिसते बाटलीत."

औषध देणाऱ्या माणसाने हे वाक्य ऐकून हातातलं काम टाकून धावायला हवं होतं. माझ्या खिडकीसमोर चाळीस माणसं होती. "कुठे आहे बाटली?" मी खेकसलो.

"दुकानात. तुमीच सांगलं, बाहेर काढू नको."

"बाटलीला काही झालेलं नाही. फ्रीजमध्ये आहे ती. चिकूच्या वाडीत काम करतेस ना? मग हात तोंडाकडे जात नाही असं कोण म्हणेल?"

रांगेतल्या बाया हसल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. मडक्याबाय खिडकीची कड धरून उभी होती. "नाय खाल्ला, दादा," ती म्हणाली.

"मशीन खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," मी म्हणालो, आणि पुढचा कागद मागितला.

ती एकदाच म्हणाली, "नाय खाल्ला." दुसऱ्यांदा म्हणाली नाही. मी सांगितलेला वाढीव डोस घेत राहिली, त्या मेलेल्या औषधाचा. भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत चिखलात तिच्या पायाला काचेचा तुकडा लागला. तिने त्याच संध्याकाळी पाय पालथा करून बघितला, धुतला, दुसऱ्या दिवशी बुधवार नसतानाही दवाखान्यात आली. तिने जे इतरांना शिकवलं होतं त्यातलं एकही चुकवलं नाही. पण अंगात साखर एवढी साचली होती की जखम भरेना, काळी पडली. मुलगा बोईसरहून आला आणि तिला गुजरातेतल्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

ती तिकडेच असताना मी एकदा पाड्यावर गेलो होतो. उकाडा मरणाचा. शेठच्या दुकानात थंडा मागितला. त्याने फ्रीज उघडला, वरचं बर्फाचं खण ओढलं, आणि पोरांच्या रंगीत बर्फकांड्यांच्या मध्ये मला दोन बाटल्या दिसल्या. पांढरं कवच चढलेल्या, दगडासारख्या. शेठ कौतुकाने सांगायला लागला, "साहेब, तुम्ही म्हणालात ना जितकं थंड तितकं बरं, म्हणून वर ठेवली. बाय यायच्या वेळेला तासभर आधी काढून ठेवतो, वितळते बरोबर."

इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं, हे कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. आणि मी काय केलं? बाटल्या खिशात घातल्या आणि शेठला सांगितलं, "तारीख उलटलीय यांची, मी नेतो." डॉक्टरांना सांगितलं, औषधाची ती खेपच खराब निघाली. मडक्याबाय काठी टेकत परत आली तेव्हा तिलाही हेच सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "मंग मी माजं मडकं लावते." लावू का, असं विचारलं नाही. मी थर्मामीटर घेऊन गेलो, उगाच, स्वतःला शिक्षा म्हणून. बाहेर अंग घामाने निथळत होतं आणि मडक्यात पंचवीसच्या आत होतं.

पुढच्या एका बुधवारी सगळे गेल्यावर ती मागे राहिली. खिडकीशी आली. "शेठनी मना सांगलं," म्हणाली. "बर्फाचं."

मी हात जोडले. काय काय बोललो आठवत नाही. तुझी बोटं माझ्यामुळे गेली, असं काहीतरी म्हणत होतो. तिने मला मध्येच थांबवलं. "बोटं गेली ती गेली. ती काय आता उगवनार हायत? पन बाकावरच्या बायांना अजून वाटते मी चिकू खाल्ला. लखमा आजा मना म्हनतो, तूच चोरून खाते आन् आमाला काय शिकवते? त्यानं सुई बंद केली. ते तेवढं सांगा, दादा. बुधवारी. सगल्यांसमोर."

"सांगतो," मी म्हणालो. "पुढच्या बुधवारी."

तुम्हाला काय वाटतं, सांगितलं असेल? पुढच्या बुधवारी गर्दी फार होती. त्याच्या पुढच्या बुधवारी दवाखान्याच्या ट्रस्टची माणसं आली होती. मग वाटलं, लोकांचा दवाखान्यावरचा विश्वास उडेल, औषधंच बंद करतील, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. माणसाला आपली भेकडगिरी लोकांच्या भल्याची वाटायला फार वेळ लागत नाही. ती दर बुधवारी यायची. बाकाच्या कडेला बसायची, आता मध्ये नाही. तिच्याकडे कुणी पाय दाखवायला येत नव्हतं. खिडकीशी आली की बोट पुढे करायची, "बेतात हाय" म्हणायची, आणि जाताना हळूच, "आज बुधवार हाय, दादा." रागाने नाही हो. पोराला अभ्यासाची आठवण करून द्यावी तशी.

अशी दोन-अडीच वर्षं. लखमा आजोबा त्यातच गेले. २०१८ च्या थंडीत तलासरी-डहाणूकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, माणसं घराबाहेर अंगणात राहायला आली. त्या दिवसांत मी तिच्या पाड्यावर गेलो तर ताडपत्रीखाली आधी तिचं मडकं होतं, मग बाकीचा संसार. मला बघून म्हणाली, "घर पडलं तं पडलं, बाटली फुटाया नको." मी हसलो. ती हसली आणि माझ्याकडे बघत थांबली. मी विषय बदलला.

२०१९ मध्ये दवाखाना बंद व्हायचं ठरलं. शेवटच्या बुधवारी बायांनी मला नारळ दिला. ओट्यावर सगळ्या होत्या. मला दोन शब्द बोला म्हणाल्या. मी उभा राहिलो, मडक्याबाय बाकाच्या कडेला बसली होती, काठी मांडीवर आडवी. मी म्हणालो, तुम्ही सगळ्यांनी मला खूप प्रेम दिलं. आणि खाली बसलो.

त्याच पावसाळ्यात ती गेली. किडन्या थकल्या होत्या. मला कळलं तेव्हा दहा-बारा दिवस होऊन गेले होते. कार्याच्या दिवशी मी रानशेतला गेलो. अंगणात त्याच बाया बसलेल्या, ओट्यावरच्या. तिची आठवण काढत होत्या, प्रेमाने. त्यातली एक म्हणाली, "बाय लय गुणाची. पन चिकवानं घात केला तिचा."

मी उभा राहिलो. या वेळी खरोखर बोललो. शेठचं दुकान, बर्फाचं खण, जितकं थंड तितकं बरं, माझं खोटं, सगळं. "तिने एकही चिकू खाल्ला नव्हता," मी म्हणालो. "चूक माझी होती."

मग तीच बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "दादा, तुमी देवमानूस. मेल्या मानसावर पांघरून घालता. पन आमी आमच्या डोल्यांनी पायलंय नं, रोज चिकू तोंडाशी न्यायची."

"वास घ्यायची ती! नुसता वास!"

"वासानं कुटं साखर वाडते, दादा?" दुसरी म्हणाली, आणि त्या माझ्याकडे अशा मायेने बघायला लागल्या की मला तिथे उभं राहवेना. साक्षीला शेठला बोलवावं म्हटलं, तर तो दुकान मोडून मुलाकडे सुरतेला गेला होता.

मी वाटेला लागलो तेव्हा तिची सून चहाचा कप घेऊन मागून आली. ती बायांमध्ये बसली नव्हती, भिंतीशी उभी राहून ऐकत होती.

"मना ठाव हाय, आईनं नाय खाल्ला," ती म्हणाली. "आई म्हनायची, दादा बोलतील. बुधवारी बोलतील."

मी कप हातात घेतला.

"आज काय वार हाय, दादा?"

"शुक्रवार," मी म्हणालो.